रानबदके, शिकारी आणि सरकारी जाहीरनामा

मिझुरी राज्याचा ॲटर्नी जनरल, म्हणजे कायद्याचा अर्थ सांगण्यासाठी आणि तो मोडणाऱ्यास शासन घडवून आणण्यासाठी ज्याला लोकांनी निवडून दिलेले, असा फ्रँक मॅकॅलिस्टर नावाचा गृहस्थ १९१९ साली बंदीच्या मुदतीत रानबदके मारताना रे हॉलंड या केंद्र सरकारच्या शिकार-अंमलदाराच्या हाती सापडला. सामान्य माणसाने अशा प्रसंगी दंड भरून मान खाली घातली असती. परंतु या गृहस्थाच्या हाती राज्याचा शिक्का होता, आणि मिझुरी राज्याने उलट हॉलंडवरच फिर्याद गुदरली की, आमच्या हद्दीत उतरलेली पाखरे आमच्या मालकीची आहेत, ती केव्हा आणि किती मारावीत हे ठरविण्याचा अधिकार वॉशिंग्टनला पोचत नाही, सबब या अंमलदारास मनाई व्हावी. फिर्याद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९ एप्रिल १९२० रोजी सात विरुद्ध दोन अशा मताधिक्याने ती फेटाळली गेली, आणि बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी राज्याच्या मालकीहक्काचा फोलपणा असा दाखविला की, जी पाखरे काल येथे नव्हती, उद्या शेजारच्या राज्यात असतील आणि आठवड्याभरात हजार मैलांपलीकडे गेलेली असतील, त्यांच्या क्षणिक मुक्कामावर राज्य आपला हक्क उभारू पाहत आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेचे विद्यार्थी हा खटला परराष्ट्रांशी केलेल्या तहाचे सामर्थ्य किती, या प्रश्नासाठी आजही अभ्यासतात. आपल्याला त्यात रस आहे तो निराळ्या कारणाने. पाणपक्ष्यांच्या शिकारीचे नियम आपल्याला अनुकूल करून घेण्याची जी दीर्घ खटपट तेथील शिकाऱ्यांनी शंभरांहून अधिक वर्षे चालविली आहे, तिच्यातला हा सर्वांत उघड आणि सर्वांत अयशस्वी डाव होता. आणि गंमत अशी की, ज्या कायद्याविरुद्ध मॅकॅलिस्टर भांडत होता, तो कायदा मुळात शिकाऱ्यांनीच मागून घेतलेला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बदकांची शिकार करणारे दोन वर्ग होते. एक हौशी शिकाऱ्यांचा, आणि दुसरा बाजारासाठी मारणाऱ्यांचा. होडीच्या नाळेवर बसविलेल्या तोफेसारख्या बंदुकीने पाण्यावर विसावलेला थवाच्या थवा एका बारात लोळवून, ती पाखरे पिंपांत भरून आगगाडीने शहरांकडे धाडणे हा या दुसऱ्या वर्गाचा नित्याचा व्यवसाय होता. लॅब्रडॉर बदक १८७० नंतरच्या दशकात जगातून नाहीसे झाले. अब्जावधींच्या संख्येने आकाश झाकणाऱ्या प्रवासी कबुतराची शेवटची मादी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. हा ऱ्हास चालू असतानाच जॉर्ज बर्ड ग्रिनेल, थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांचे स्नेही यांच्यासारखे सुखवस्तू शिकारी पुढे सरसावले आणि बाजारी शिकार बंद करा, वसंत ऋतूत जोडीने उत्तरेकडे परतणारी पाखरे मारण्यास बंदी करा, असा धोशा त्यांनी सरकारमागे लावला. या मागणीत पक्षिप्रेम होते तसा स्वार्थही होता, आणि तो त्यांनी फारसा लपविलाही नाही. १९१३ साली झालेला पहिला केंद्रीय कायदा कनिष्ठ न्यायालयांनी घटनाबाह्य ठरविला, म्हणून मग १९१६ साली कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी तह करण्यात आला आणि १९१८ साली त्या तहाच्या अंमलबजावणीचा कायदा झाला. १० मार्चपासून १ सप्टेंबरपर्यंत शिकारीला सक्त मनाई, आणि उरलेल्या काळातही मोसम साडेतीन महिन्यांहून मोठा असू नये, ही त्या तहातील मर्यादा हौशी शिकाऱ्यांपुरती आजतागायत कायम आहे. पहिल्या नियमांनी एका शिकाऱ्याला दिवसाला २५ बदके मारण्याची मुभा दिली होती. आजच्या शिकाऱ्याला ती वाचून हेवा वाटेल.

१९३० नंतर अमेरिकेच्या मध्यभागात अवर्षण पडले, गवताळ प्रदेशातील लहानमोठी पाणथळे आटली, आणि बदकांची वीण बसली. या आणीबाणीत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जैविक पाहणी खात्याचे प्रमुखपद १९३४ साली ज्याला दिले, तो जे. एन. डार्लिंग हा व्यवसायाने व्यंगचित्रकार, पक्षाने रूझवेल्टांचा विरोधक आणि छंदाने शिकारी होता. ‘डिंग’ या नावाने सही करणाऱ्या या माणसाने वर्ष-दीड वर्षातच शिकाऱ्यांचा रोष ओढवून घेण्याइतके काम केले. १९३५ चा मोसम ३० दिवसांवर आला, दिवसाची मर्यादा १० बदकांवर उतरली, पाण्यात धान्य टाकून पाखरे जमविणे बंद झाले, पाळीव बदके बांधून त्यांच्या हाकांनी रानातली भुलविणे बंद झाले, आणि बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे भरण्यास मनाई झाली. शिकाऱ्यांनी आरडाओरड केली, पण ते मुकाट्याने पैसेही देऊ लागले. कारण त्याच वर्षांत दुसरी एक तजवीज अमलात आली होती. १९३४ च्या कायद्याप्रमाणे बदकांची शिकार करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने एक डॉलरचे केंद्रीय तिकीट विकत घ्यावयाचे होते, आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेऊन त्या पक्ष्यांसाठी राखून ठेवावयाच्या होत्या. पहिल्या तिकिटावरचे चित्र, पाण्यावर उतरणारी मॅलर्ड बदकांची जोडी, डार्लिंगनेच काढलेले. आज त्या तिकिटाची किंमत २५ डॉलर आहे, आणि त्यातून आजवर सुमारे ६० लाख एकर पाणथळ जमीन राखली गेली आहे. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरील कराचा महसूल वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षी ‘डक्स अनलिमिटेड’ ही शिकाऱ्यांची संस्था स्थापन होऊन कॅनडातील दलदली दुरुस्त करण्यासाठी वर्गणी गोळा करू लागली.

या पैशाने शिकाऱ्यांच्या शब्दाला वजन आले. जो महसूल भरतो तो दरबारात उभा राहून बोलू लागतो, हा जुना शिरस्ता येथेही दिसला. आपल्याकडे या गोष्टीने अगदी निराळे वळण घेतले, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. भरतपूरच्या ज्या तलावावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली, तो तलाव महाराजांच्या खाजगी शिकारीसाठीच बांधून-राखलेला होता. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व पुढे त्याच्या दुरुस्त्यांनी भारतात रानबदकांच्या शिकारीला मोसमच ठेवला नाही. आपल्या नांदूर मधमेश्वरला किंवा जायकवाडीला हिवाळ्यात उतरणारे तलवार बदक आणि कॅलिफोर्नियाच्या भातखाचरांत उतरणारे तलवार बदक एकाच जातीचे. पण एकाच्या जीविताविषयी कायद्याने एका वाक्यात निकाल दिला आहे, आणि दुसऱ्याच्या जीविताविषयी दरसाल अर्ज, बैठका, मसुदे आणि हरकती यांचा रगाडा चालतो.

हा रगाडा कसा चालतो, ते पाहण्यासारखे आहे. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून सोडण्याच्या पद्धतीतून फ्रेडरिक लिंकन या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात असे दाखविले की, उत्तर अमेरिकेतील पाणपक्षी ढोबळमानाने चार मार्गांनी दक्षिणोत्तर ये-जा करतात. अटलांटिक, मिसिसिपी, मध्य आणि पॅसिफिक असे हे चार मार्ग ‘फ्लायवे’ म्हणून १९४८ पासून नियमांचे विभाग झाले, आणि १९५२ साली प्रत्येक मार्गावरील राज्यांचे एकेक मंडळ बनले. १९५५ पासून दर वसंतात वैमानिक आणि निरीक्षक अगदी कमी उंचीवरून विमाने नेऊन वीण होणाऱ्या प्रदेशातील बदके आणि पाण्याने भरलेली तळी मोजतात. शिवाय शिकाऱ्यांकडून मारलेल्या बदकांचे पंख टपालाने मागविले जातात. मग हिवाळ्याअखेरीस तज्ज्ञ मंडळी लांबलचक मेजांभोवती जमून एकेक पंख उलटून पाहतात आणि ते पाखरू कोणत्या जातीचे, नर की मादी, त्याच वर्षीचे पिल्लू की प्रौढ, हे टिपून ठेवतात. पिल्लांचे प्रमाण वाढले तर वीण चांगली झाली, हे त्यावरून कळते. शिकाऱ्याने पाकिटात घालून धाडलेला हा पंख म्हणजे त्याने दिलेली एक साक्षच; मात्र ती त्याच्या बाजूने जाईल की विरुद्ध, हे त्याच्या हाती नसते. ही माहिती मंडळांच्या तांत्रिक समित्यांपुढे, तेथून केंद्रीय वन्यजीव खात्याच्या समितीपुढे, आणि मग मसुद्याच्या रूपाने जाहीर होऊन जनतेपुढे येते. हरकत कोणालाही घेता येते. अखेरीस केंद्र सरकार जी चौकट ठरवील तिच्याहून सैल नियम राज्याला करता येत नाहीत. तिच्याहून कडक करण्यास मुखत्यारी आहे.

आता एवढी साधने, एवढे आकडे, तरी १९८० नंतरच्या दशकात, जेव्हा पुन्हा अवर्षण पडून बदकांची संख्या खालावली, तेव्हा दर उन्हाळ्यात मोसमावरून वाद उफाळून येई. आकडे एक सांगत, शिकारी दुसरे सांगत. काँग्रेसचे सभासद आपल्या मतदारांची पत्रे घेऊन खात्याच्या दारी येत. आणि मोसम किती दिवसांचा ठेवावा याचा निर्णय जीवशास्त्रावर झाला की चिकाटीवर, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नसे. त्यावर १९९५ साली जो तोडगा निघाला, तो मला या सर्व इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा वाटतो. उदार, मध्यम, कडक आणि पूर्ण बंदी असे चार पर्याय आधीच ठरवून, मॅलर्ड बदकांची संख्या अमुक आणि कॅनडातील तळ्यांची संख्या अमुक असेल तर पर्याय अमुक, असे कोष्टकच सर्व पक्षांनी अगोदर मान्य करून घेतले. शिवाय दरसालच्या अनुभवावरून त्यामागील गणित सुधारण्याची सोयही ठेवली. उदार पर्याय म्हणजे मिसिसिपी मार्गावर ६० दिवस आणि दिवसाला ६ बदके, तर पॅसिफिक मार्गावर १०७ दिवस आणि ७ बदके. शिकाऱ्याचा आवाज यातून बंद झाला नाही. त्याला कोष्टक ठरण्यापूर्वी बोलता येते. पाखरे मोजून झाल्यावर मात्र त्याच्या आरडाओरडीने आकडा हलत नाही.

आकडा हलेना, तेव्हा खटपट तारखांकडे वळली. उत्तरेकडील मिनेसोटाच्या शिकाऱ्याला मोसम लवकर सुरू व्हावा असे वाटते, कारण तळी गोठली की बदके निघून जातात. आणि दक्षिणेकडील मिसिसिपीच्या शिकाऱ्याला तो उशिरापर्यंत चालावा असे वाटते, कारण तीच बदके त्याच्याकडे कडाक्याच्या थंडीत पोचतात. वर्षानुवर्षे मोसम २० जानेवारीच्या आसपास संपे. जोड्या जमण्याच्या सुमारास पाखरांना त्रास देऊ नये, असे त्यामागचे एक कारण सांगितले जाई. मिसिसिपीच्या लोकांनी मंडळांत, समित्यांत, पत्रांत पुष्कळ डोके आपटले, आणि उपयोग होईना तेव्हा त्यांनी दुसरे दार ठोठावले. ट्रेंट लॉट हे मिसिसिपीचे सेनेटर त्या वेळी सेनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते होते, आणि १९९८ साली एका खर्चाच्या विधेयकाला जोडलेल्या कलमाने मिसिसिपीत ३१ जानेवारीपर्यंत शिकारीची वाट मोकळी झाली. शेजारच्या राज्यांनीही मग तीच मागणी केली. २००२ साली खात्याने चौकटीच्या तारखा दोन्ही बाजूंनी ताणल्या, जेणेकरून उत्तरेलाही काही मिळाले. आणि २०१९ साली काँग्रेसने एका विस्तृत कायद्यातच ३१ जानेवारी ही तारीख लिहून टाकली. जीवशास्त्रज्ञांचा आणि मंडळांचा कारभार एका अंगाने चालत असताना दुसऱ्या अंगाने विधिमंडळाचे दार उघडे असते, हे येथे कळते. ज्याचा सेनेटर वजनदार, त्याच्या राज्यातले बदक दहा दिवस अधिक धोक्यात.

शिशाच्या छर्ऱ्यांचा मामला याहून गंभीर होता. बंदुकीतून सुटलेले जे असंख्य छर्रे पाखराला न लागता तळाशी पडतात, ते बदके वाळूच्या खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. इलिनॉयचे शास्त्रज्ञ फ्रँक बेलरोझ यांनी १९५९ साली असा अंदाज मांडला की, उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरसाल या विषाने जातात. उपाय उघड होता, पोलादी छर्रे. पण ते महाग, बंदुकीची नळी खराब करणारे आणि पाखरू मारण्याऐवजी जायबंदी करणारे आहेत, अशी शिकाऱ्यांची तक्रार होती, आणि पहिल्या पिढीतील पोलादी काडतुसांच्या बाबतीत ती सर्वस्वी खोटीही नव्हती. १९७८ साली अलास्काचे सेनेटर टेड स्टीव्हन्स यांनी असे कलम मंजूर करून घेतले की, राज्याच्या संमतीवाचून केंद्राने पोलादी छर्ऱ्यांची सक्ती करू नये. पुढे मेलेली बदके खाऊन राष्ट्रीय मानचिन्हावरचे गरुडच विषबाधेने मरत आहेत असे दिसून आले, नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने सरकारला न्यायालयात खेचले, आणि १९९१ च्या मोसमापासून साऱ्या देशात पाणपक्ष्यांवर शिसे झाडण्यास बंदी झाली. त्यानंतर झालेल्या एका अभ्यासात मिसिसिपी मार्गावरील मॅलर्ड बदकांमधील विषबाधेचे मृत्यू सुमारे ६४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्यांनी बंदीला विरोध केला, त्यांच्याच वाट्याला हे वाचलेले पाखरू आले.

येथवर ज्यांच्या खटपटी सांगितल्या ते शिकारी तिकीट घेणारे, वर्गणी देणारे, पत्रे लिहिणारे आणि सेनेटरला ओळखणारे होते. अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला बॅरो नावाच्या गावी, ज्याला आता उत्कियाग्विक हे मूळचे नाव पुन्हा मिळाले आहे, निराळे शिकारी राहत होते. १९१६ च्या तहाने वसंतातील शिकार बंद केली ती न्यूयॉर्क आणि शिकागोच्या बाजारांकडे पाहून. परंतु इन्युपिआत लोकांच्या किनाऱ्यावर पाखरे वसंत-उन्हाळ्यातच असतात, आणि सप्टेंबर उजाडून मोसम कायदेशीर होतो तोवर ती दक्षिणेकडे निघून गेलेली असतात. त्यामुळे एका अख्ख्या समाजाचे अन्न कागदावर गुन्हा ठरले होते. कित्येक वर्षे अंमलदारांनी त्याकडे कानाडोळा केला. १९६१ च्या मे महिन्यात मात्र आयडर बदके मारल्याबद्दल दोन इसमांना पकडण्यात आले, आणि त्यांतला एक अलास्काच्या विधिमंडळाचा सभासद होता. मग गावातील १३८ जण हातात एकेक बदक घेऊन अंमलदारापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले की, आम्हीही हाच गुन्हा केला आहे, आम्हालाही पकडा. एवढ्या माणसांना ठेवण्यास कोठडी कोठली? खटले अखेर मागे घेण्यात आले, आणि कायद्याचा शब्द तसाच राहून अंमल ढिला पडला. मिठासाठी तुरुंगाची वाट धरणाऱ्यांच्या देशातील वाचकाला या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

कायद्याचा शब्द बदलण्यास मात्र आणखी काही दशके लागली. मधल्या काळात अलास्काच्या नैऋत्येस, युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांच्या मुखाशी, वीण करणाऱ्या कॅकलिंग जातीच्या लहान हंसांची संख्या चार लाखांच्या आसपास होती ती १९८० नंतर सुमारे २५,००० वर आली. कॅलिफोर्नियाचे शिकारी म्हणत की, युपिक लोक वसंतात अंडी आणि पाखरे खाऊन टाकतात. युपिक म्हणत की, हिवाळ्यात तुम्ही गंमत म्हणून मारता आणि आमच्या ताटातले अन्न हिरावता. पुढे दोघांनाही एका मेजाभोवती बसविण्यात आले. १९८४ साली हूपर बे या खेड्यात झालेल्या करारात, आणि त्यानंतरच्या वर्षी झालेल्या विस्तृत योजनेत, दोन्ही बाजूंनी आपापली शिकार आवरण्याचे कबूल केले. हंस पुन्हा वाढले. त्या मसलतीत ज्यांच्याकडे तिकीट नव्हते आणि सेनेटरही नव्हता त्यांना प्रथमच बोलण्याची जागा मिळाली. १९९७ साली अमेरिकन सेनेटने तहातील दुरुस्तीला मंजुरी दिली, मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींसह सहव्यवस्थापनाचे मंडळ नेमले गेले, आणि २००३ साली अलास्कात वसंतातील निर्वाहाची शिकार पहिल्यांदा नियमांच्या आत आली.

कधी कधी पारडे उलटही फिरते. हिमहंसांची संख्या शेतांतल्या सांडलेल्या धान्यावर इतकी वाढली की, आर्क्टिकमधील त्यांची वीणभूमी ते चरून उघडी-बोडकी करू लागले. तेव्हा १९९९ साली सरकारनेच शिकाऱ्यांना अधिक मारण्याची विनंती केली आणि बंदुकीतील काडतुसांची मर्यादा व यांत्रिक हाकांवरील बंदी या कामापुरती उठविली. हरकती घेण्याची पाळी आता प्राणिप्रेमी संस्थांवर आली.

जो या सर्व व्यवस्थेचा कणा, तो शिकारी आता उणा होत चालला आहे. १९७० च्या सुमारास दरसाल २४ लाखांच्या आसपास बदक-तिकिटे खपत. आता ती संख्या सुमारे १५ लाखांवर आली आहे, आणि त्यांतही काही तिकिटे दुर्बीण गळ्यात अडकविलेल्या, बंदूक कधीही न उचललेल्या पक्षिनिरीक्षकांनी पाणथळांच्या प्रेमापोटी घेतलेली असतात. त्यांच्या २५ डॉलरांनी विकत घेतलेल्या दलदलीत आणि शिकाऱ्याच्या २५ डॉलरांनी विकत घेतलेल्या दलदलीत काडीचा फरक नसतो. परंतु मोसमाच्या बैठकीत त्यांची गाऱ्हाणी घेऊन येणारा कोणी क्वचितच असतो, कारण त्यांना त्या बैठकीकडून काही नकोच असते. २०२० साली खात्याने असा नियम केला की, तिकिटाच्या चित्रस्पर्धेत येणाऱ्या प्रत्येक चित्रात बदकाबरोबर शिकारीच्या परंपरेची एखादी खूणही असलीच पाहिजे. मग चित्रकार पाण्यावर रिकामी काडतुसे आणि लाकडी बदके रंगवू लागले. पक्षिनिरीक्षकांनी तक्रारी केल्या, काही चित्रकारांनीही नाके मुरडली, आणि पुढल्याच वर्षी तो नियम मागे घेण्यात आला.